कुणाच्या तोंडून

फ्लूची लस टोचून घ्यायला येणारी म्हातारी माणसं एकच प्रश्न विचारायची. कोट काढून झाला, बाही दंडापर्यंत सरकवून झाली, की माझ्या हातातल्या सुईकडे बघत म्हणायची, "तुम्ही स्वतः घेतलीत का?"

२०१५ च्या सप्टेंबरपासून इंग्लंडभरच्या औषधांच्या दुकानांना एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, खर्चाने ही लस द्यायची मुभा मिळाली होती. बर्मिंगहॅममधल्या ज्या दुकानात मी फार्मासिस्ट होते, तिथे मागच्या बाजूला एक लहानशी खोली होती. दोन खुर्च्या, वापरलेल्या सुया टाकायचा पिवळा डबा, आणि भिंतीवर लस का घ्यावी हे सांगणारं भलंमोठं पोस्टर. ते पोस्टर कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. पहिल्या आठवड्यात माझी स्वतःची लस राहून गेली होती आणि एका बाईंना मी तसं खरंखरं सांगितलं. त्यांनी शांतपणे बाही खाली केली, कोट चढवला, "पुढच्या आठवड्यात बघते" म्हणाल्या आणि गेल्या. त्या संध्याकाळी दुकान बंद करता करता माझ्याबरोबरच्या पोलिश फार्मासिस्टने मला त्याच खुर्चीत बसवून सुई टोचली. दुसऱ्या दिवसापासून "हो, डाव्या हातावर, दोन दिवस दुखतो" एवढं सांगितलं की पुढे कुणी काही विचारायचं नाही.

याच दिवसांत, १२ ऑक्टोबरला, लंडनच्या पूर्व भागातल्या एका जुन्या ब्रुअरीत 'ब्रिटन स्ट्राँगर इन युरोप' या मोहिमेची सुरुवात झाली. ब्रिटनने युरोपीय संघात राहावं की बाहेर पडावं यावर सार्वमत होणार होतं, आणि राहावं असं म्हणणाऱ्यांची ही मुख्य संघटना. म्हणून लस आणि सार्वमत या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कायमच्या एकमेकींत गुंतून बसल्या आहेत.

आधी माझं या सगळ्यात काय होतं ते सांगते. मी सांगलीची, पासपोर्ट भारताचा. तरीही २३ जून २०१६ च्या सार्वमताचं मतदार कार्ड माझ्या नावाने घरी आलं, कारण ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तिथे मताचा हक्क आहे. मला सुई टोचणाऱ्या पोलिश मैत्रिणीला तो नव्हता. ती २००४ सालापासून तिथे राहत होती, कर भरत होती, तिची मुलगी बर्मिंगहॅमच्या शाळेत जात होती. युरोपातून आलेल्यांपैकी आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसच्या लोकांनाच मत होतं. बाकी लाखो लोकांच्या आयुष्याचा निर्णय होणार होता आणि त्यांनी तो बघत बसायचं होतं. ते कार्ड मी डिस्पेन्सरीच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा तिने उचलून दोन्ही बाजूंनी वाचलं आणि परत दिलं. मला लाज वाटली. मग मी 'राहू या' म्हणणाऱ्यांच्या आमच्या भागातल्या गटात जाऊ लागले, शनिवारी पत्रकं वाटू लागले.

मोहिमेचे अध्यक्ष होते लॉर्ड स्टुअर्ट रोझ, 'मार्क्स अँड स्पेन्सर'चे माजी प्रमुख. निवडीमागचा विचार समजण्यासारखा होता. घराघरांत ठाऊक असलेलं दुकान, राजकारण्यापेक्षा धंद्यातला माणूस. पण टीव्हीवरच्या एका मुलाखतीत त्यांना स्वतःच्या मोहिमेचं नावच नीट घेता येईना. पुढे मार्च २०१६ मध्ये संसदेच्या समितीसमोर त्यांना विचारलं गेलं, की युरोपातून येणारे कामगार कमी झाले तर इथल्या कमी पगारवाल्यांचे पगार वाढतील का? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, हो, वाढतील, पण ती चांगलीच गोष्ट असेल असं नाही. माझे शेजारी लाँगब्रिजच्या रोव्हर कारखान्यात कामाला होते, २००५ मध्ये तो बंद पडेपर्यंत. त्यांनी ही बातमी कुंपणापलीकडून मला वाचून दाखवली. "ऐकलंस? पगार वाढणं त्यांच्या मते वाईट." त्यानंतर रोझ फारसे पुढे दिसले नाहीत.

माझ्या मते ही एका माणसाची चूक नव्हती. राहू म्हणणाऱ्यांनी बोलणारी माणसं निवडली ती हुद्दा बघून. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न, बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर, नाणेनिधी, मोठमोठ्या कंपन्यांचे प्रमुख. एप्रिलमध्ये लंडनला येऊन बराक ओबामा म्हणाले की वेगळं झालात तर व्यापार कराराच्या रांगेत शेवटी उभं राहावं लागेल. ही माणसं बोलली त्यातलं बरंचसं मला पटत होतं. पण ऐकणारा मनात तोच प्रश्न विचारत होता, तुम्ही स्वतः घेतलीत का? लाँगब्रिजच्या म्हाताऱ्याला कळत होतं की कारखाना बंद पडला तेव्हा यातल्या एकाच्याही घरातली चूल विझली नव्हती.

आणि पंतप्रधान डेव्हिड कॅमरन? २००६ मध्ये त्यांनीच आपल्या पक्षाला सांगितलं होतं की युरोप युरोप करत बसू नका. २०१६ च्या फेब्रुवारीत ब्रसेल्सहून करार घेऊन येईपर्यंत ते म्हणत होते की हवं तसं मिळालं नाही तर कुठलाच पर्याय मी नाकारलेला नाही. त्यानंतर चार महिने तेच सांगत फिरले की बाहेर पडलो तर घात होईल. कालपर्यंत ज्याला हे औषध नाही घेतलं तरी चालणार होतं, तो आज म्हणतो न घेतलं तर मराल. मजूर पक्षाचे जेरेमी कॉर्बिन यांनी १९७५ मध्ये युरोपच्या विरोधात मत दिलं होतं, आणि आता संघाबद्दलची आपली आस्था दहापैकी सात, साडेसात असल्याचं टीव्हीवर सांगितलं. माणूस खरं बोलला. पण तोंड मात्र या कामाचं नव्हतं.

१९७५ चं निघालंच आहे तर तिथे थोडं थांबते. ब्रिटनमधलं युरोपबद्दलचं पहिलं सार्वमत ५ जूनला झालं आणि ६७ टक्क्यांहून जास्त लोकांनी युरोपीय समुदायात राहायला 'हो' म्हटलं. तेव्हाची 'हो'ची मोहीम ज्यांच्या नेतृत्वाखाली चालली ते रॉय जेंकिन्स आमच्याच बर्मिंगहॅमच्या स्टेचफर्डचे खासदार. मजूर पक्षाचे जेंकिन्स, हुजूर पक्षाचे एडवर्ड हीथ, उदारमतवादी जेरेमी थॉर्प असे तिघे एका बाजूला उभे राहिले आणि लोकांना वाटलं, एवढे भांडणारे लोक एक गोष्ट म्हणतायत त्याअर्थी काहीतरी असेल. नुकत्याच पक्षनेत्या झालेल्या मार्गारेट थॅचर सदस्य देशांचे झेंडे विणलेला स्वेटर घालून पार्लमेंट चौकात आल्या, तो फोटो आजही फिरतो. 'नाही'च्या बाजूलाही वक्ते कमी नव्हते, टोनी बेन, मायकल फूट, बार्बरा कासल, इनॉक पॉवेल. एकेकटे ऐकावे तर भारी. पण बेन डाव्यांतले डावे आणि पॉवेल यांनी याच बर्मिंगहॅममध्ये १९६८ साली काळ्या-सावळ्या लोकांविरुद्ध रक्ताच्या नद्यांचं भाषण केलेलं. स्पार्कब्रुकच्या आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने, पंजाबी आजोबांनी, मला सांगितलं होतं, "तेव्हा मला युरोप कळत नव्हता. पॉवेल नको म्हणतोय एवढं कळत होतं. मी हो म्हणून आलो." 'हो'च्या हाती पैसाही खूप होता, सुमारे १५ लाख पौंड, समोर जेमतेम १ लाख ३३ हजार. पण पैशाने त्या आजोबांचं मत हललं असं मला वाटत नाही.

त्यातही हीथ. ते रुक्ष बोलायचे, हसरा माणूस नव्हे. पण विद्यार्थी असताना १९३७ मध्ये त्यांनी न्यूरेंबर्गला नाझींचा मेळावा डोळ्यांनी पाहिला होता, मग तोफखान्यात अधिकारी म्हणून नॉर्मंडीपासून युद्ध लढले होते. मतदानाआधी दोन दिवस ऑक्सफर्ड युनियनमध्ये त्यांचा आणि थॉर्प यांचा वाद बार्बरा कासल आणि पीटर शोअर यांच्याशी झाला, टीव्हीवर दाखवला गेला, आणि हीथ यांच्यासाठी सभागृह उभं राहिलं. युरोपने पुन्हा आपसात लढू नये असं ते म्हणत तेव्हा ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या घरात कुणीतरी गेलेलं असायचं. तिथे 'तुम्ही स्वतः' हा प्रश्नच उरत नव्हता. चाळीस वर्षांनी, २०१६ मध्ये, गॉर्डन ब्राउन यांनी कॉव्हेंट्रीच्या बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या कॅथेड्रलमधून चालत एक व्हिडिओ केला. सगळ्या मोहिमेतलं मला सर्वांत मनापासून वाटलेलं बोलणं ते. कॉव्हेंट्री आमच्यापासून अर्ध्या तासावर. पण ब्राउन जन्मले १९५१ मध्ये. ज्यांनी ते छप्पर कोसळताना पाहिलं ती पिढी आता लस घ्यायला आमच्याकडे येत होती, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं मत ब्राउन यांच्या उलट होतं.

बाहेर पडू म्हणणाऱ्यांनी मात्र बोलणाऱ्यांचा बारीक विचार केलेला होता. त्यांचे सूत्रधार डॉमिनिक कमिंग्ज यांनी १९९९ पासून युरो चलनाविरुद्धच्या मोहिमेत काम केलं होतं. त्या ऑक्टोबरात ब्लेअर, ब्राउन, केनेथ क्लार्क, मायकल हेझल्टाइन आणि चार्ल्स केनेडी युरोपच्या बाजूने एका मंचावर बसले होते. १९७५ ची बरोबर नक्कल. पण दरम्यान लोकांचा पुढाऱ्यांवरचा विश्वासच आटला होता. वेगवेगळ्या पक्षांचे नेते एकत्र दिसले की १९७५ मध्ये लोकांना एकी दिसायची, आता संगनमत दिसू लागलं. २००४ मध्ये ईशान्य इंग्लंडला स्वतंत्र विधानसभा द्यायची की नाही यावर मत घेतलं, तिथे 'नाही'वाल्यांनी पुढे ठेवले जॉन एलियट नावाचे स्थानिक उद्योजक, आणि सोबत फुगवलेला पांढरा हत्ती. सरकार ७८ विरुद्ध २२ टक्क्यांनी हरलं. हा धडा लंडनमध्ये एकाच बाजूने गिरवला.

म्हणून 'व्होट लीव्ह' या बाहेर पडू म्हणणाऱ्यांच्या मुख्य मोहिमेने नायजेल फराज यांना आपल्या मंचापासून दूर ठेवलं. युरोपविरोधाचं सर्वांत ओळखीचं तोंड तेच, पण ज्यांना फराज आवडत होते ते आधीच बाहेर पडायच्या बाजूचे होते. कुंपणावर बसलेल्यांसाठी दुसरं कुणी हवं होतं. बोरिस जॉन्सन होते, मायकल गोव्ह होते. आणि होत्या जिझेला स्टुअर्ट.

क्रिकेटमुळे एजबॅस्टन हे नाव मराठी घरांत पाठ आहे. स्टुअर्टबाई १९९७ ते २०१७ तिथल्या मजूर पक्षाच्या खासदार. जन्म १९५५ चा, बव्हेरियात. १९७४ मध्ये इंग्लंडला आल्या. बोलण्यात अजून जर्मन वळण. २००२-०३ मध्ये युरोपची राज्यघटना लिहायला जे अधिवेशन बसलं, त्याच्या संचालक मंडळात देशोदेशींच्या संसदांच्या वतीने त्या बसल्या होत्या आणि तिथल्या अनुभवानेच त्यांचं मन फिरलं. 'व्होट लीव्ह'च्या प्रमुखपदी गोव्ह यांच्या जोडीने मार्च २०१६ मध्ये त्या आल्या. ९ जूनच्या आयटीव्हीवरच्या चर्चेत मी त्यांना बारकाईने पाहिलं. समोरून अँबर रड, निकोला स्टर्जन, अँजेला ईगल तिघी जॉन्सनवर तुटून पडल्या होत्या. स्टुअर्टबाई आवाज न चढवता, आठवडी बाजारात भाजी निवडावी तसे एकेक मुद्दे बाजूला ठेवत गेल्या. मी त्यांच्या विरुद्ध बाजूची आणि तरी मला ऐकावंसं वाटत होतं. परकीयांचा द्वेष करता म्हणावं तर बाई स्वतः बाहेरून आलेली. युरोप कळत नाही म्हणावं तर राज्यघटना लिहिणाऱ्यांत बसलेली. पण त्यांच्याच मोहिमेच्या प्रचाराच्या बसवर, आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ते आरोग्यसेवेला देऊ, असा खोटा आकडा रंगवलेला होता, सरकारी आकडेवारीच्या प्रमुखांनी त्याला दिशाभूल म्हटलं होतं. मला त्याचा आजही राग आहे. या बाईंनी त्या बसपुढे उभं राहायला नको होतं, असं मी अजून म्हणते.

त्या आकड्यापायी एक माणूस फिरला. सारा वोलॅस्टन, हुजूर पक्षाच्या खासदार, आधी स्वतः डॉक्टर. त्या बाहेर पडायच्या बाजूच्या होत्या. आरोग्यसेवेच्या नावाने असं खोटं छापलेलं पत्रक मी वाटू शकत नाही म्हणाल्या आणि जूनमध्ये बाजू बदलली. स्वतःच्या माणसांशी वाकडं घेऊन कुणी बोललं की ते कानात शिरतं. आमच्या गटात मी सुचवलं की पुढचे पंधरा दिवस फक्त या बाईंचंच बोलणं पत्रकावर छापा. तोवर पत्रकं छापून झाली होती. त्यावर ऑस्बर्न यांच्या खात्याचा आकडा होता, घरटी वर्षाला ४,३०० पौंडांचं नुकसान.

१५ जूनला थेम्स नदीवर जे झालं ते मी दुकानातल्या टीव्हीवर पाहिलं. फराज मच्छीमारांच्या बोटींचा ताफा घेऊन पार्लमेंटकडे आले. समोरून दुसऱ्या बोटीवर राहू म्हणणारे, लाउडस्पीकर घेतलेले गायक बॉब गेल्डॉफ. ते फराजना ओरडून सांगत होते की तुम्ही युरोपीय संसदेच्या मासेमारी समितीत असताना ४३ पैकी एकाच बैठकीला गेलात. मुद्दा अगदी जिव्हारी लागण्यासारखा. पण मधल्या बोटींवर रबरी बूट घातलेले, गंजलेल्या कठड्याला धरून उभे असलेले, कोटा आणि डिझेलच्या खर्चाने पिचलेले लोक होते, आणि त्यांच्याकडे बघून एक श्रीमंत गायक हाताने अश्लील खुणा करत होता. पोलिश मैत्रीण म्हणाली, "बंद कर." ती बाल्टिकच्या काठची, तिचे वडील मासेमारीच्या बोटीवर होते. युरोपात गेल्यावर त्यांच्या बंदराचं काय वाईट झालं, काय चांगलं झालं, हे तिने मला कितीतरी वेळा सांगितलं होतं. त्या नदीवर बोलण्यासारखं तिच्याकडे होतं. दुसऱ्याच दिवशी खासदार जो कॉक्स यांचा खून झाला आणि दोन्हीकडची तोंडं काही दिवस बंद झाली.

आता माझं. मे महिन्यात आमच्या गटाने स्पार्कहिलच्या एका हॉलमध्ये आशियाई मतदारांची बैठक ठेवली आणि बोलायला मला उभं केलं. का, ते उघड होतं. मीही मानले. हातात कागद होता, त्यावर ४,३०० पौंड होते. समोर बांगलादेशातल्या सिल्हेटकडचे एक हॉटेलवाले चाचा बसले होते. ते म्हणाले, "बेटी, टेकअवे देणाऱ्या हॉटेलाला देशातून आचारी आणता येत नाही. बाकीच्यांना आणायचा तर वर्षाला जवळजवळ ३० हजार पगार दाखवा. आणि युरोपातला पोरगा उद्या सकाळी विमानात बसून येऊ शकतो. मला त्याच्याबद्दल राग नाही. पण हा न्याय आहे का?" प्रीती पटेल तेव्हा हेच सांगत फिरत होत्या, बाहेर पडलो की करी हाउसना आचारी मिळतील. ते वचन पुढे पाळलं गेलं नाही, चाचांच्या धंद्यातले लोक फसवणूक झाली म्हणाले. पण त्या दुपारी माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रत्येक व्हिसाच्या मुदतीला माझ्याही पोटात गोळा येत असे. चाचांचं दुखणं माझंच होतं आणि मी कागदावरचं दुसऱ्याचं वाचत होते. मी घसा खाकरून पुन्हा ४,३०० म्हटलं. त्यांनी मान हलवली, चहा घेतला, गेले.

मैत्रीण तेव्हा बाहेर गाडीत बसली होती, पत्रकांचे गठ्ठे मांडीवर घेऊन. तिला आत यायचं होतं, दोन शब्द बोलायचे होते. गटातल्या कुणीतरी तिला प्रेमाने समजावलं होतं की तुझ्या उच्चारांनी लोक बिथरतील, तू मागेच राहिलेली बरी. मी तिथेच होते. मला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. जर्मन उच्चारांची एक बाई त्याच शहरात दुसऱ्या बाजूने सगळ्यांत पुढे उभी होती, आणि मी गप्प राहिले.

मतदानाच्या दोन दिवस आधी वेम्ब्लीतल्या टीव्ही चर्चेत आमच्या बाजूने स्कॉटलंडच्या रूथ डेव्हिडसन कडाडून बोलल्या, तेव्हा वाटलं, ही इतके महिने कुठे होती. निकाल बाहेर पडण्याच्या बाजूने, ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के. साऱ्या बर्मिंगहॅममध्ये फरक ३,८०० मतांचा.

२४ जूनला शुक्रवार होता. नऊला दुकान उघडलं. आठवड्याच्या गोळ्यांचा डबा न्यायला आमच्या नेहमीच्या एक आजी आल्या, त्याच ज्यांनी लसीच्या पहिल्या आठवड्यात बाही खाली केली होती. मैत्रिणीला बघून त्यांचा चेहरा उतरला. "तुला जावं तर लागणार नाही ना गं?" ती म्हणाली, "माहीत नाही." आजी म्हणाल्या, "मी बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं. त्या जिझेलाचं ऐकून. ती स्वतः तिकडचीच ना, तिला माहीत असणार." मग थोड्या थांबून, काउंटरवर हात ठेवून, "पण तू कधी काही बोलली नाहीस."

मैत्रिणीने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि डब्यातल्या गोळ्या पुन्हा मोजायला घेतल्या.